घाटात गाडीचा दम जातो कुठे?

हरसूलहून वाघेरा घाटाने गिरणाऱ्याकडे जाणाऱ्या मोटारसायकलीवर एकटा माणूस क्वचितच दिसतो. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात सकाळी वेळेवर पोहोचायचं तर एका गाडीवर दोघं, कधी तिघंही निघतात. परतताना सीटवर तांदळाचं किंवा खताचं पोतं आडवं पडलेलं असतं. अशा रस्त्यावर गाडीचा रंग, मीटर, स्टिकर कोणी पाहत नाही. गाडी चढ ओढते का, एवढंच विचारतात. गेली काही वर्षं या भागातल्या कुठल्याही गॅरेजवर थोडा वेळ बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "जुनी गाडी घाटात ओढायची, ही बीएस-सिक्स मरते." कारणही तयार असतं: सायलेन्सरमध्ये कंपनीनं जाळी बसवली आहे, तिनं इंजिनाचा श्वास कोंडला. आणि त्यापाठोपाठ सल्ला येतो, की जाळी काढून टाक.

तक्रारीत तथ्य आहे. कारण मात्र अर्धंच बरोबर आहे आणि सल्ला साफ चुकीचा आहे. प्रदूषण कमी करण्यासाठी गाडीत काय काय बसवलं आहे, त्यातला कोणता भाग किती शक्ती घेतो आणि ती कमतरता घाटातच का जाणवते, हे एकेक करून पाहू.

पिकअप म्हणजे शिल्लक

इंजिन जी शक्ती तयार करतं, तिचा पहिला वाटा गाडी आहे त्याच वेगात चालती ठेवण्यात जातो. टायरचं घर्षण, समोरची हवा, चेनमधलं घर्षण आणि चढ असेल तर वजन वर उचलण्याचं काम, हे सगळं त्यातच येतं. हे भागवून जे उरतं त्यावर गाडी वेग घेते. आपण ज्याला पिकअप म्हणतो तो या शिलकीचा अनुभव असतो.

हिशेब करून पाहू. शंभर सीसीची गाडी साधारण ११० किलोची, दोन माणसं मिळून १३० किलो, वर ५० किलोचं पोतं. एकूण २९० किलो. रस्ता दर बारा मीटरला एक मीटर चढणारा आणि वेग ताशी ३० किलोमीटर. चढ, टायर, हवा आणि चेन यांचा खर्च मिळून जवळपास ४ हॉर्सपॉवर लागतात. त्या गिअरमध्ये इंजिन ५ हॉर्सपॉवर देत असेल, तर वेग घ्यायला १ हॉर्सपॉवर उरते.

आता याच इंजिनाची शक्ती चार टक्क्यांनी घटली असं धरा. पाचातून ०.२ गेले, राहिले ४.८. खर्च तोच ४. म्हणजे शिल्लक १ वरून ०.८ वर आली. इंजिनानं गमावले चार टक्के, पण स्वाराच्या हाताला जाणवले वीस टक्के. सपाट रस्त्यावर त्याच वेगाला खर्च जेमतेम १ हॉर्सपॉवर असतो. तिथं शिल्लक ४ वरून ३.८ होते, म्हणजे पाचच टक्के घट. नाशिकच्या गंगापूर रोडवर ज्या गाडीबद्दल कोणाची तक्रार नसते, तीच गाडी वाघेऱ्याच्या चढावर पोत्यासकट मंद वाटते ती यामुळे. स्वारांची तक्रार खोटी नाही. फक्त तिच्यावरून इंजिनाचं नुकसान मोजायला गेलं की ते कितीतरी मोठं दिसतं.

धुराची मर्यादा कशी आवळत गेली

पेट्रोल पूर्ण जळलं तर पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उरावा. प्रत्यक्षात तीन नको असलेल्या गोष्टी बाहेर पडतात. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. न जळलेलं पेट्रोल हायड्रोकार्बनच्या रूपात निसटतं. आणि जळण फार तापलं की हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात.

या धुरावरच्या सरकारी मर्यादांचे टप्पे म्हणजे भारत स्टेज, थोडक्यात बीएस. देशभर बीएस-फोर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-सिक्स १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. मधलं बीएस-फाइव्ह सरकारनं वगळलंच. रोजच्या वापरातल्या छोट्या मोटारसायकलींसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-फोरमध्ये किलोमीटरमागे ०.३९ ग्रॅम होती, ती बीएस-सिक्समध्ये ०.०६ झाली. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १.४०३ ग्रॅमवरून १ ग्रॅमवर आली. त्याच वेळी पेट्रोलमधलं गंधकही दशलक्ष भागांत ५० वरून १० वर उतरवलं, कारण गंधक सायलेन्सरमधल्या महागड्या धातूंचं काम बिघडवतं.

मान्यतेची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत होते. गाडी रोलरवर चढवतात, इंजिन थंड असताना सुरू करतात आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेग कमी-जास्त करत सगळा धूर गोळा करून मोजतात. या वेळापत्रकात एक्सलेटर शेवटपर्यंत पिळण्याचे प्रसंग फारसे नसतात. मधल्या वेगांवरची आणि अर्ध्या एक्सलेटरवरची वागणूक त्यात जास्त तपासली जाते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

गाडीखाली वाकून पाहिलं तर

बीएस-सिक्स गाडी स्टँडवर लावून खाली वाकलात तर चार गोष्टी डोळ्यांनी पाहता येतात.

पहिली म्हणजे टाकीच्या किंवा इंजिनाच्या जवळ बसवलेला काळा प्लास्टिकचा डबा, ज्याला बारीक रबरी नळ्या जोडलेल्या असतात. त्यात कोळसा भरलेला असतो. उन्हात टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफ हा कोळसा धरून ठेवतो आणि गाडी चालू झाली की इंजिन ती ओढून जाळतं. शक्तीवर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. नळी निसटली तर मात्र गाडी आयडलला अडखळते.

दुसरी, एअर फिल्टरकडून निघून हेडवरच्या एका छोट्या झाकणात शिरणारा पाइप. त्या झाकणाखाली पातळ पत्र्याची झडप असते. धुराच्या झोतांमध्ये क्षणभर दाब खाली येतो, तेव्हा ही झडप उघडून ताजी हवा एक्झॉस्टच्या तोंडाशी सोडते. तिथल्या उष्णतेत उरलंसुरलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड जळतो. यासाठी इंजिनाला कोणताही पंप फिरवावा लागत नाही, त्यामुळे शक्ती जात नाही. पुष्कळ जण हा पाइप काढून भोक बुजवतात आणि गाडी हलकी झाल्याचं सांगतात. फार तर एक्सलेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून येणारी फटफट कमी होते. चढावर काही फरक पडत नाही.

तिसरी, बेंड पाइपवर पेच मारून बसवलेला, मागे वायर असलेला ऑक्सिजन सेन्सर. धुरात किती ऑक्सिजन उरला हे तो सतत इंजिनाच्या कंप्युटरला कळवतो आणि त्यानुसार कंप्युटर इंजेक्टरमधून पेट्रोल कमी-जास्त करतो.

चौथी म्हणजे सगळे जिला जाळी म्हणतात तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. बेंड पाइप फुगलेला दिसतो तिथं किंवा सायलेन्सरच्या तोंडाशी तो असतो. दुचाकीत बहुधा पातळ धातूच्या पत्र्याची, मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं असलेली गुंडाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ लेप. पहिले दोन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांना ऑक्सिजन जोडून देतात, तर ऱ्होडियम नायट्रोजन ऑक्साइडमधून ऑक्सिजन सोडवतो. हे काम सुरू व्हायला साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापमान लागतं, म्हणून कन्व्हर्टर इंजिनाच्या जवळ ठेवतात.

धूर या छिद्रांतून जाताना थोडा अडतो, हे खरं. पण कंपनी सायलेन्सर बनवते ती या अडथळ्याचा हिशेब धरूनच. छिद्रांची संख्या, पाइपची जाडी, लांबी सगळं त्यानुसार ठरतं. शिवाय छोट्या इंजिनातून निघणारा धूर मुळातच कमी असतो. सुस्थितीतली जाळी जी शक्ती घेते ती घाटातल्या तक्रारीएवढी नसते.

शक्ती जाते ती मिश्रणात

मग उरलेली शक्ती जाते कुठे? जाळीला तीनही प्रकारचा मळ एकाच वेळी धुवायचा असेल तर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण ठरावीकच लागतं: वजनानं एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. पेट्रोल थोडं जास्त झालं तर कार्बन मोनॉक्साइड उरतो, हवा जास्त झाली तर नायट्रोजन ऑक्साइड उरतात. ऑक्सिजन सेन्सर दिवसभर राबतो ते हे प्रमाण टिकवण्यासाठी. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हे आकडे थोडे खाली सरकतात, तत्त्व तेच.

पण इंजिन सर्वांत जास्त जोर करतं ते साडेबारा-तेरा भाग हवेवर, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त असताना. तिथून १४.७ वर आलं की जोर साधारण चार-पाच टक्क्यांनी उतरतो. जाळी धूर अडवून फारसं काही घेत नाही. तिला जे मिश्रण लागतं ते पुरवताना इंजिन जोराच्या बाजूचं राहत नाही, धूर कमी करण्याच्या बाजूचं होतं.

दुसरी तडजोड ठिणगीच्या वेळेत असते. नायट्रोजन ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून काही वेगांवर प्लगची ठिणगी किंचित उशिरा पाडतात. जळण कमी तापतं, जोरही थोडा कमी मिळतो. थंड इंजिन सुरू केल्यावर जाळी लवकर तापावी म्हणूनही हीच युक्ती वापरतात. त्यामुळे पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये गाडी सुस्त वाटू शकते.

एक्सलेटर पूर्ण पिळला की बहुतेक गाड्यांचा कंप्युटर सेन्सरचं ऐकणं थांबवून पेट्रोल वाढवतो. म्हणून ब्रोशरमधली सर्वोच्च शक्ती फारशी घटलेली दिसत नाही. फरक पडतो तो अर्ध्या एक्सलेटरवर आणि मधल्या फेऱ्यांवर, जिथं चाचणी होते आणि जिथं आपण रोज गाडी चालवतो.

कार्ब्युरेटरच्या काळात या भागातले मिस्त्री घाट चढणाऱ्या गाडीचा स्क्रू थोडा फिरवून किंवा जेट बदलून मिश्रण घट्ट करत. गाडी ओढायची, धूर आणि पेट्रोलचा खर्च वाढायचा. जुन्या गाडीचा दम म्हणून जे आठवतं त्यात या स्क्रूचा वाटा मोठा आहे. इंजेक्शनच्या गाडीत हा स्क्रू मिस्त्रीच्या हातून गेला. बदल्यात पावसाळ्याच्या सकाळी चोक ओढावा लागत नाही, आणि हरसूलहून त्र्यंबकच्या उंचीवर चढताना हवा विरळ झाली तरी दाब मोजणारा सेन्सर पेट्रोल आपोआप कमी करतो. कार्ब्युरेटरला ते कळत नव्हतं.

ब्रोशरचे आकडे काय सांगतात

हिरो स्प्लेंडर प्लस घ्या, कारण खेड्यापाड्यात तीच सर्वांत जास्त दिसते. इंजिन ९७.२ सीसी, दोन्ही पिढ्यांत तेच. बीएस-फोरमध्ये शक्ती ८.३६ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) होती, बीएस-सिक्समध्ये ८.०२ झाली, म्हणजे साधारण चार टक्के कमी. सर्वोच्च टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दोन्हींत ८.०५ न्यूटन मीटर. वरवर पाहता काहीच बदललं नाही. पण जुन्या गाडीत तो टॉर्क मिनिटाला ५००० फेऱ्यांवर मिळायचा, नव्या गाडीत ६००० वर मिळतो. घाटातल्या तक्रारीचं सर्वांत मोठं कारण या एका आकड्यात आहे. ज्याला जुन्या सवयीनं तिसऱ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर गाडी रेटायची आहे, त्याच्या हाताशी आता तेवढा जोर नसतो. तोच जोर मिळवायला इंजिन जास्त फिरवावं लागतं, म्हणजे गिअर लवकर खाली घ्यावा लागतो.

बजाज पल्सर १५० मध्येही हेच दिसतं. शक्ती दोन्हींत १४ पीएस, पण ती ८००० ऐवजी ८५०० फेऱ्यांवर मिळते. टॉर्क १३.४ वरून १३.२५ आणि ६००० ऐवजी ६५०० फेऱ्यांवर. गाडीचं वजनही सुमारे चार किलोनं वाढलं.

आता उलटं उदाहरण पाहा. होंडा शाइनची शक्ती बीएस-फोरमध्ये १०.१६ हॉर्सपॉवर होती, बीएस-सिक्समध्ये सुमारे १०.६ झाली. टॉर्क १०.३ वरून ११ न्यूटन मीटरवर गेला आणि चारऐवजी पाच गिअर आले. जाळी तिच्यातही आहे, सेन्सरही आहे. कंपनीनं इंजिनातलं घर्षण आणि जळण सुधारलं तर नियम पाळूनही शक्ती वाढवता येते, हे त्यातून दिसतं. शक्ती घटली की वाढली हे कंपनीनं नव्या इंजिनावर किती काम केलं त्यावरही अवलंबून असतं.

जुन्या जमान्यातली यामाहा आरएक्स १०० आठवणाऱ्यांसाठी एक शब्द. ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर, आजच्या स्प्लेंडरपेक्षा कितीतरी जास्त. पण ते टू-स्ट्रोक इंजिन होतं. दर फेरीला एक स्फोट व्हायचा आणि त्यासाठी आत येणाऱ्या मिश्रणाचा बराचसा भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जायचा, सोबत ऑइलचा धूर. १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिच्याशी आजच्या गाडीची तुलना करणाऱ्यानं मागून चालणाऱ्याच्या छातीत काय जायचं तेही मोजावं.

जाळी काढली तर

जाळी फोडून रिकामं केलेलं सायलेन्सर मोठा आवाज करतं. आवाज वाढला की गाडी जोरात धावतेय असा भास होतो, आणि पुष्कळदा तेवढाच फायदा असतो.

त्याचं कारण असं. धुराच्या झोतांबरोबर पाइपमध्ये दाबाच्या लाटा मागे-पुढे होतात. कंपनीनं पाइपची लांबी अशी ठेवलेली असते की योग्य क्षणी परत आलेली लाट सिलिंडर रिकामं व्हायला मदत करते. आतली रचना बदलली की ही वेळ चुकते आणि फटका बहुधा खालच्या-मधल्या फेऱ्यांना बसतो. घाटात नेमक्या त्याच फेऱ्या लागतात. वरच्या फेऱ्यांना थोडा फायदा झाला तरी चढावर त्या फेऱ्या आपण क्वचितच वापरतो.

दुसरं, अर्ध्या एक्सलेटरवर सेन्सर पेट्रोल जुळवून घेतो, म्हणजे मिश्रण १४.७ च्या आसपासच राहतं. जाळी गेली तरी मिश्रण तेच, म्हणजे जोरही तोच. पूर्ण एक्सलेटरवर मात्र पेट्रोलचं प्रमाण जुन्या सायलेन्सरसाठी लिहिलेलं असतं. हवा जास्त खेळू लागली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण विरळ होतं आणि इंजिन तापतं. चढावर, ओझं घेऊन, कमी वेगात, जिथं थंड करणारा वाराही कमी, तिथंच हे घडतं.

तिसरं, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेच्या बाहेरचे बदल करता येत नाहीत. आवाज आणि धूर यांचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स बाळगायला अपात्र.

जाळी खरंच तुंबते तेव्हा

जाळी कधीच दोषी नसते असं नाही. रिंग झिजून इंजिन ऑइल जाळू लागलं की त्यातला फॉस्फरस धातूंच्या लेपावर थर धरतो. प्लग नीट पेटत नसेल तर न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं आणि ती अतितापून वितळते. रॉकेल मिसळलेलं पेट्रोलही तिचं आयुष्य खातं. आडवळणाच्या गावात गरजेपोटी बाटलीतलं पेट्रोल घ्यावं लागतंच, पण ते भरल्यावर गाडी अडखळू लागली तर संशय आधी त्या बाटलीवर घ्यावा.

तुंबलेल्या जाळीची लक्षणं ओळखता येतात. गाडी कमी फेऱ्यांवर बरी चालते आणि एक्सलेटर वाढवला की पुढे जातच नाही, इंजिन नेहमीपेक्षा तापतं, सायलेन्सरच्या टोकाशी धुराचा झोत मंद लागतो. अशा वेळी जाळी बदलणं योग्य, पण ती का तुंबली हेही शोधायला हवं. ऑइल जळत असेल तर नवी जाळीही वर्षभरात तशीच होईल.

चढावर दम हवा असेल तर

गॅरेजवर जाण्याआधी घरच्या घरी पाहायच्या गोष्टी. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला असेल तर सेन्सर किंवा वायरिंगमध्ये बिघाड आहे. तो दिवा तसाच ठेवून घाट चढू नये, कारण कंप्युटर तेव्हा अंदाजानं पेट्रोल सोडत असतो. एअर फिल्टर धुळीनं भरला असेल तर बदलावा. उन्हाळ्यात मातीच्या रस्त्यावर तो पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच भरतो. चेन कोरडी किंवा घट्ट, मागचा ब्रेक चिकटलेला, टायरमध्ये हवा कमी, क्लच सरकतोय, यातली एकेक गोष्ट सुस्थितीतल्या जाळीपेक्षा जास्त शक्ती खाते, आणि बहुतेक वेळा यातल्या दोन-तीन एकत्र असतात.

आणि सर्वांत स्वस्त उपाय डाव्या पायाखाली आहे. तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आलात की चाकावरचा जोर तीस-चाळीस टक्क्यांनी वाढतो. जाळी, सेन्सर, ठिणगी सगळ्यांनी मिळून घेतलेल्या चार-पाच टक्क्यांपुढे हे कितीतरी पटींनी जास्त आहे. बीएस-सिक्स गाडी थोड्या जास्त फेऱ्यांवर चालवायला बनवलेली आहे. गाडी धापा टाकायला लागण्याआधी, चढाच्या पायथ्याशीच गिअर खाली घ्या आणि एक्सलेटर मोकळ्या हातानं द्या. इंजिनाला इजा होत नाही. उलट वरच्या गिअरमध्ये गुरगुरत रेटलेलं इंजिन लवकर झिजतं.

स्प्लेंडरसारख्या गाडीची चार टक्के शक्ती गेली हे खरं आहे, आणि ती परत आणायला सायलेन्सर फोडण्याची गरज नाही हेही तितकंच खरं. आधी चेनला ऑइल द्या, फिल्टर पाहा, टायरची हवा तपासा आणि एकदा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढून बघा. त्यानंतरही गाडी मरत असेल तर गॅरेजवर जा, आणि मिस्त्रीनं सायलेन्सरला हात घालण्याआधी त्याला प्लग आणि सेन्सर दाखवायला सांगा.